सुभेदार आबांचा ताजा कलम

सुभेदार आबांनी निरोप दिला म्हणून लगेच घरी जायचं नसतं. फाटकापर्यंत जायचं, कडीला हात लावायचा आणि थांबायचं. मागून हाक येतेच.

"ता. क.!"

पत्र लिहून झालं, खाली सही झाली, आणि मग राहिलेली एखादी गोष्ट आठवली की आपण तळाशी ताजा कलम लिहितो. आबांच्या बोलण्यालाही तो असतो. अर्धा तास ते ऊसतोडीवर बोलतील, गुडघेदुखीवर बोलतील, चहा पाजतील, "बरंय, यावं" म्हणून हात जोडतील. आणि तुम्ही फाटकाशी पोचलात की खरं काम कळेल.

"ता. क., कदम. तुमची वरची टाकी सकाळधरनं व्हावतीय."

एकदा मी वैतागून विचारलं, "आबा, मी एवढा वेळ समोर बसलो होतो. तेव्हा नाही सांगायचं?"

"तवा मजकूर चालू हुता," आबा म्हणाले.

या बाबतीत त्यांचा एक नियम आहे. ता. क. एकच असतो. "दोन झालं की समजायचं, मूळ पत्रच चुकलं." इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचा दुसरा ता. क. मी कधी ऐकला नव्हता. आळीतली पोरं त्यांना मागून 'ताकआबा' म्हणतात. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी हे ऐकून सकाळी सकाळी त्यांच्याकडे तांब्या पाठवला होता. आबांनी घरात होतं तेवढं दही घुसळून तांब्या भरून दिला आणि कुणालाही काही बोलले नाहीत.

त्यांचं नाव बाबूराव रामचंद्र शेडगे. फौजेत क्लार्क होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. आमच्या कोरेगाव भागात निवृत्त फौजी घरटी एक सापडतो, पण बाकीच्यांच्या गोष्टींत बर्फ असतो, बंदुका असतात. आबांच्या गोष्टींत टाइपरायटर असतो, लाखेची कांडी असते आणि भिजून आलेली टपालाची थैली असते. "गोळी एकदाच लागती," ते म्हणतात. "चुकीचा मायना जल्मभर लागतो."

जुन्या इंग्रजी पत्रांतले शब्द गोळा करण्याचा त्यांना नाद आहे. तरुणपणी त्यांना एक म्हातारा हेडक्लार्क भेटला होता. तो असे शब्द वापरायचा आणि ज्याला अर्थ येत नसे त्याला उभं ठेवायचा. "उभं राहून राहून शिकलो," आबा सांगतात. आता ते शब्द कोणी लिहीत नाही. मग ते बोलण्यात वापरतात.

चालू महिना म्हणजे 'इन्स्टंट', मागचा 'अल्टिमो', पुढचा 'प्रॉक्सिमो'. गॅसचं सिलिंडर आणणारा पप्पू हा या शब्दांचा जुना शत्रू आहे.

"आबा, आधीचा सिलिंडर कवा लावला हुता?"

"सहा अल्टिमो."

"म्हंजी?"

"मागल्या महिन्याची सहा."

"मग मागल्या महिन्याची सहा म्हणा की वो!"

"अल्टिमो म्हटलं की एका शब्दात भागतं. शाई वाचती."

"आवं, तुमी बोलताय. बोलण्यात कुठली आली शाई?"

पप्पूनं सिलिंडर आत ठेवला, रिकामा खांद्यावर घेतला आणि जिंकल्याच्या चालीनं निघाला. तो फाटकाशी पोचला तेव्हा आबा दारात आले.

"ता. क., पप्पू. शाई न्हाई, पण दम वाचतो."

माझी पत्नी मालती अधूनमधून त्यांना भाजी पाठवते. तिचं भांडं त्यांच्याकडून कधी रिकामं येत नाही. कधी दोन पेरू, कधी मूठभर शेंगा. त्याला ते 'एन्क्लोजर' म्हणतात. रिकामं भांडं परत पाठवणं म्हणजे पत्रात 'सोबत जोडले आहे' असं लिहून काहीच न जोडणं, असं त्यांचं मत आहे. जो कोणी रस्त्यानं जाताना सापडेल त्याच्या हाती ते भांडं देतात, आणि त्या माणसाला त्या वेळेपुरतं 'बेअरर', म्हणजे चिठ्ठी पोचवणारा, हे पद मिळतं. एकदा शेजारच्या शालनकाकू बेअरर झाल्या.

"मालती, हे घे गं तुझं भांडं," त्या म्हणाल्या. "आबांनी मला काय म्हटलं ते तुझ्या नवऱ्याला इचार. शिवी असली तर आजच सांग."

शालनकाकूंसाठी त्यांच्याकडे दुसराही शब्द होता. त्या भिंतीपलीकडून बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि सगळ्या बोलण्यात आपण कसं वागावं याचाच उपदेश असतो. आबा हळूच म्हणायचे, "हे बोलणं न्हाई. एपिसल हाय." एपिसल म्हणजे पानभरापेक्षा लांब आणि उपदेशाचं पत्र, असा त्यांचा अर्थ.

मी एका दूध संघात हिशेब बघतो. ऐकीव गोष्टीवर सही करायची मला सवय नाही. मी शब्दकोश उघडून पाहिला. अल्टिमो, प्रॉक्सिमो बरोबर होते. एपिसलपुढे मात्र नुसतं 'पत्र, विशेषतः औपचारिक' असं होतं. पानभराचा उल्लेख नव्हता. मी आबांना कोश नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कोश मिटून माझ्या हातात दिला.

"ह्यांच्या शेजारी शालन ऱ्हायला पायजे हुती," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नीला आम्ही ताराकाकू म्हणायचो. त्या असताना आबांना या नादाची शिक्षाही मिळायची. आबा जेवताना लांबण लावायला लागले की त्या म्हणायच्या, "आधी ता. क. सांगा, मजकूर मागनं." पण आबांना ते जमायचं नाही. मग काकूंनी त्यावर उपाय काढला होता. नवऱ्याच्या मनात काहीतरी आहे असं वाटलं की त्या पदर खोचून फाटकापर्यंत चालत जायच्या, तिथे जाईच्या वेलापाशी उभ्या राहायच्या, आणि हाक आली की परत यायच्या. संध्याकाळच्या वेळी आम्ही आमच्या ओट्यावरून हे बघायचो. कधी हाक यायची, "ता. क., माझ्या छातीत जरा दुखतंय." कधी, "ता. क., कालचं पिठलं लय चांगलं झालं हुतं."

काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतर त्या घरात फाटकापर्यंत जाणारं कोणी राहिलं नाही.

सांगलीला माझे एक जुने साहेब राहतात. आयुष्यभर इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला माणूस. त्यांच्या पत्नी वारल्याचं कळलं तेव्हा मला पत्र लिहायचं होतं आणि सुचत नव्हतं. मी आबांकडे गेलो. त्यांनी जुन्या टाइपरायटरवर मोजक्या चांगल्या ओळी टाइप करून दिल्या. पण कागदावर वर दोन बोटं आणि खाली दोन बोटं जागा कोरी होती.

"आबा, वर साहेबांचं नाव राहिलं."

"ऱ्हायलं न्हाई. सोडलंय." त्यांनी मला खाली बसवलं. "ह्याला डी. ओ. म्हणत्यात. डेमी ऑफिशियल. अर्धं सरकारी, अर्धं घरचं. मधला मजकूर क्लार्क बडवतो. पण वरचं 'माय डियर' अन् खालचा निरोप ज्याचं पत्र हाय त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा. कर्नल असला तरी. आमी सगळी नोकरी दोन बोटं वर, दोन बोटं खाली सोडत आलो. ज्यानं वरचंबी टाइप करून घेतलं, त्यानं पत्र धाडलंच न्हाई."

मी घरी येऊन पेनानं वरचं आणि खालचं लिहिलं. आठवड्यानं साहेबांचा फोन आला. मधल्या मजकुराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "कदम, तुमचा 'डी' अजून तसाच वाकडा आहे हो."

आबांना सगळे जुने शब्द आवडतात, फक्त एक सोडून. तो शब्द म्हणजे 'केअर ऑफ'.

तो शब्द अजून चालू आहे, रोज पाकिटावर दिसतो. आपण 'द्वारा' लिहितो तो. पण आबांकडे त्याचा अर्थ विचारला तर चेहरा बदलतो. "ज्याला स्वतःचा पत्ता न्हाई, त्याचं नाव वर अन् ज्याच्या दारात तो पडून हाय त्याचं नाव खाली. सगळी नोकरी मी केअर ऑफ काढली. गाव न्हाई, गल्ली न्हाई. नुसतं अमक्या फौजी टपालाच्या केअर ऑफ. तारा हितं एकटी, अन् मी कुठं हाय ते तिला पाकिटावरनं कळायचं न्हाई." निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं. पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःलाच एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर नाव, घर, आळी, कोरेगाव. मधे कुणाचं नाव नाही. पोस्टमन ते घेऊन आला तेव्हा त्याला पेढा दिला.

हे सांगायचं कारण त्यांचा मुलगा संजय. तो शिरवळला एका कारखान्यात आहे. आई गेल्यापासून दर रविवारी फोन करून आमच्याकडे राहायला या म्हणतो. भिंत पातळ असल्यानं आणि आबांचा आवाज फौजी असल्यानं आम्हाला अर्धं संभाषण ऐकू येतं. शेवट ठरलेला असतो.

"रिग्रेटेड," आबा म्हणतात आणि फोन ठेवतात.

सरकारी पत्रात नकार द्यायचा झाला की हा शब्द लिहितात. खेद आहे, म्हणजे नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दूधवाला नेहमीसारखा हाका मारून गेला नाही. तो आमच्याकडे धावत आला. "कदमसाहेब, आबा मोरीत पडल्यात. खिडकीतनं दिसत्यात. आतनं कडी हाय." मी आळीतल्याच पप्पूला उठवलं आणि दोघांनी मागचं दार काढलं. आबा ओल्या फरशीवर बसून होते, डावा हात पोटाशी धरून. किती वेळ झाला विचारलं तर म्हणाले, "उजाडायच्या आधीपासनं." मनगट मोडलं होतं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांनी हाक मारलीच नव्हती. भिंतीपलीकडे मी झोपलो होतो.

"हाक का नाही मारली आबा?"

"तुमची झोपमोड," ते म्हणाले.

संजय आणि त्याची बायको अर्चना दुपारपर्यंत पोचले. प्लास्टर झालं, औषधं झाली. संध्याकाळी ओट्यावर बसून संजयनं विषय काढला.

"आबा, बास आता. चला आमच्याबरोबर. नवीन घर होतंय, खाली तुमची खोली काढलीय."

"तुझ्या घरात मी कोण?"

"म्हंजे काय? बाप."

"पाकिटावर बाप लिहीत न्हाईत. पाकिटावर केअर ऑफ लिहित्यात."

"आबा, तुम्हाला पत्र कोण लिहितंय आता?" संजय ओरडला. मग त्यालाच वाईट वाटलं. अर्चना म्हणाली, "आवं आबा, पुढच्या बारीला दूधवाला सुट्टीवर असला म्हंजे?"

आबा प्लास्टरकडे बघत राहिले. "रिग्रेटेड," म्हणाले, पण हळू.

ते दोघं उठले. अर्चना गाडीत जाऊन बसली. संजय फाटकाशी गेला, कडीला हात लावला आणि आईसारखा जाईपाशी थांबला. बराच वेळ थांबला. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. आबा दारात उभे होते. त्यांचे ओठ हललेसे वाटले.

त्या दिवशी ता. क. आला नाही.

संजय मला म्हणाला, "काका, मी जबरदस्ती नाही करू शकत. पण मला रोज सकाळी फोनची भीती वाटते." मी त्याला सांगितलं की मी रोज उठल्यावर आबांकडे डोकावेन. डोकावत होतोही. पण मी कामाचा माणूस, लेखापरीक्षण आलं की तालुक्याबाहेर जातो. हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

पुढच्या महिन्यात शिरवळच्या घराची वास्तुशांत होती. आबा जाणार नव्हते. निमंत्रणाची छापील पत्रिका आली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून बाजूला ठेवली. "सर्क्युलर हाय. ह्याला उत्तर नसतं." मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "ता. क., कदम. सकाळी गाडी किती वाजता काढायची?"

आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि हात गळ्यात अडकवला होता. शिरवळला घर हमरस्त्यापासून आत होतं. मांडव, पाहुणे, गुलाबजामचा वास. अर्चनाचे वडील म्हसवडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेलं घर, माणूस मोठ्या आवाजाचा. त्यांनी लांबूनच "आलं, आलं, सुबेदार आलं!" अशी आरोळी ठोकली.

संजय पुढे आला, पाया पडला. आत न नेता त्यानं आबांना फाटकाच्या खांबापाशी उभं केलं. तिथे पाटी होती. काळा पत्रा, पांढरी अक्षरं, फौजेतल्या ट्रंकेवर नाव असतं तशी. त्यावर लिहिलं होतं: संजय बाबूराव शेडगे. खाली अर्चनाचं नाव. आणि वर नुसता काळा पत्रा. मला वाटलं पेंटरचा अंदाज चुकला.

"आबा," संजय म्हणाला, "वर दोन बोटं सोडल्यात."

आबांनी चष्मा लावला.

"खालचं पेंटरनं केलंय. वरचं त्याला करू दिलं नाही. ते हातानं लिहायचं असतं. घराला काय नाव द्यायचं ते तुम्ही लिहा."

त्यानं पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश तयार ठेवला होता. पाहुणे गोळा झाले. सूचना सुरू झाल्या. कुणी 'मातृछाया' म्हणालं, कुणी 'श्रमसाफल्य'. व्याही म्हणाले, "सिद्धनाथकृपा लिवा, बाकी काय बघू नका." आबांनी ब्रश घेतला. एक हात गळ्यात, म्हणून डबा संजयनं धरला. बापाला वाकावं लागू नये म्हणून तो स्वतःच गुडघ्यावर बसला.

आबांनी खूप वेळ घेतला. अक्षर सुंदर नव्हतं, पण ओळ सरळ होती. वर त्यांनी लिहिलं: सुभेदार बा. रा. शेडगे. मग ब्रशचं टोक पुसून, संजयच्या नावाच्या अलीकडे, उरलेल्या चिंचोळ्या जागेत अगदी बारीक दोन शब्द घातले.

केअर ऑफ.

कुणाला काही कळलं नाही. संजयला कळलं. तो डबा धरून तसाच खाली बसून राहिला आणि रंग त्याच्या नव्या पँटीवर सांडत होता.

"आवं सुबेदार," व्याही ओरडले, "घराचं नाव ऱ्हायलं की!"

"घराला नाव कशाला लागतंय," आबा म्हणाले. "पत्ता लागतो." आणि ब्रश संजयच्या हातात देऊन म्हणाले, "ऊठ रं. कापडं बघ कशी केलीस."

संध्याकाळी परत येताना त्यांनी गाडीत डोळे मिटले होते. कोरेगावात त्यांच्या दाराशी गाडी उभी केली, त्यांना ओट्यापर्यंत नेलं. "बरंय, यावं," ते म्हणाले. हात जोडता येत नव्हते म्हणून एकच हात छातीशी नेला. मी फाटकाशी आलो, कडीला हात लावला आणि थांबलो.

"ता. क., कदम."

"बोला आबा."

"जाईला एक दिवसाआड पाणी घालायचं. रोज न्हाई. मुळं कुजत्यात. मालतीबाईंना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. मी फाटक लावलं आणि माझ्या दाराकडे निघालो.

"कदम!"

मी वळलो. आबा ओटा उतरून फाटकापर्यंत आले होते. चांगला हात जाईच्या मांडवाला धरला होता.

"ता. क.," ते म्हणाले.

"आबा, ता. क. तर झाला. तुम्हीच म्हणता एकच असतो."

"व्हय," ते म्हणाले. "मूळ पत्रच चुकलं म्हणायचं."

मग माझ्याकडे न बघता, वेलाचं एक सुकलं पान खुडत म्हणाले, "शिरवळ काय लांब न्हाई. येत जावा."